पारोळ्याला तू ‘म्हणजे?’ विचारायचीस

सुरेखा, शोधनिबंध पाठवायच्या फॉर्ममध्ये लेखकांच्या नावांची एक ओळ असते. माझं नाव पहिलं, तुझं दुसरं. त्यावरून आपण भांडलो नव्हतो. तू म्हणाली होतीस, "तुझंच टाक पहिलं. परीक्षकांच्या शिव्या आल्या की त्याही तूच खा." आता त्या ओळीत तुझ्या नावापुढे एक चिन्ह टाकायचं होतं. छोट्या खंजिरासारखं दिसतं ते. लेखक हयात नसला की टाकतात आणि खाली तळटीपेत एका शब्दात अर्थ लिहितात. मी रोज फॉर्म उघडत होते, बाकीच्या चौकटी तपासत होते आणि त्या चिन्हापाशी आले की उठून स्वयंपाकघरात जात होते. मसाल्याचे डबे पुसून झाले. मग माळा झाला. कपडे वाळत घातले, ते सुकायच्या आत पुन्हा चाचपून पाहिले. चिन्ह काही टाकलं गेलं नाही.

माझी सवय तुला ठाऊक आहे. काही झालं की मी यादी करते. तू गेलीस त्या सकाळीही केली. कोणाला कळवायचं, तुझ्या नवऱ्याजवळ, प्रकाशभाऊंजवळ कोण थांबेल, तुझ्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमधल्या नमुन्यांची किल्ली कोणाकडे, तुझ्या सोमवारच्या तासाला कोण उभं राहील. भराभर सगळं मार्गी लावलं. सगळ्या ओळींवर काट मारून झाली आणि मग मी तुमच्या अंगणात हात लोंबकळत उभी राहिले. पुढे काय करायचं ते कळेना. लोक म्हणत होते, "गेल्या हो मॅडम." मीही तेच म्हणत होते.

आणि बघ, वर मी ‘गेलीस’च लिहिलं आहे. तुला हा शब्द चालला नसता. "गेली म्हणजे कुठे? साक्रीला?" असं विचारलं असतंस.

जनुकांची माहिती संगणकावर वाचायला शिकवणाऱ्या ज्या प्रशिक्षणात आपली ओळख झाली, तिथे आपण दोघीच पन्नाशीकडे झुकलेल्या होतो. बाकी वर्ग आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, शिकवणारा तर त्याहून लहान दिसायचा. मी जळगावच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी, तू धुळ्याला जीवरसायनशास्त्र शिकवणारी. दोघींनीही आयुष्यभर परीक्षानळ्या हाताळलेल्या, आणि समोर काळी स्क्रीन, तिच्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. माऊसला काम नाही. जे हवं ते टाइप करायचं, एक टिंब चुकलं तरी गाडी पुढे जात नाही. मी वहीत कमांडचे रकाने पाडले: कशासाठी, कशी, काय काळजी घ्यायची. तू वही आणलीच नव्हतीस. पहिल्याच दुपारी तू स्वतःचं अख्खं फोल्डर पुसून टाकलंस आणि हात वर केलास.

"सर, पुसलेलं परत कुठून आणायचं?"

"मॅडम, इथे कुठूनच येत नाही."

"बरं झालं आधीच सांगितलंत," तू म्हणालीस आणि शेजारी बसलेल्या माझ्याकडे वळून पाहिलंस. "तुमच्याकडे असेलच ना सगळं? चेहऱ्यावरून वाटतंच."

माझ्याकडे होतं. सगळ्याच्या दोन प्रती होत्या. तेव्हापासून मी तुझी ‘यादीवाली कांचन’ झाले.

तू ते शिकायला का आली होतीस, हे चहाच्या सुट्टीत कळलं. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यांवर तुमच्या शिबिरांत सिकलसेलचे रुग्ण सापडत होते. आजार एकच, एकाच घरातली दोन भावंडं, पण एक शेतात राबतो आणि दुसरा सांधे धरून अंथरुणाला खिळतो. हा फरक कुठून येतो, जनुकांमध्ये आणखी काही आहे का, एवढाच तुझा प्रश्न. रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले की तिथून प्रचंड फाइली यायच्या आणि त्यांचा अर्थ लावून देणारे तिसरेच कोणीतरी एक तक्ता पाठवायचे. "रगत आपल्या लोकांचं," तू म्हणालीस, "आणि आपल्यालाच वाचता येत नाही. हे मला बरं वाटत नाही गं." माझ्याकडे त्या वर्षी शिकवण्यापलीकडे काही नव्हतं. मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. असं कधी नव्हे ते यादी न करता ठरवलं.

जळगाव आणि धुळे, मध्ये पारोळा. शनिवारी तू तिकडून, मी इकडून एसटीने यायचं आणि स्टँडसमोरच्या भजीवाल्याच्या मागच्या बाकावर बसायचं, हे कोणी ठरवलं ते आठवत नाही. नियम मात्र तुझा होता. आठवडाभरात जे शिकलो ते कागद न बघता सांगायचं. ऐकणारीला एकच शब्द बोलायची मुभा: ‘म्हणजे?’ तो आला की तेच पुन्हा, वेगळ्या शब्दांत, अधिक सोपं करून सांगायचं. तिसऱ्यांदा ‘म्हणजे?’ आला की हरलीस, भजी तुझ्याकडून.

मी नेहमी हरायचे. मी व्याख्या सांगायचे. "संदर्भ जनुकसंचाशी क्रमवारीची जुळणी करणे." तू भजी मोडत शांतपणे, "म्हणजे?" मी चिडायचे. "म्हणजे जुळणी! यात काय कळलं नाही?" तू, "म्हणजे?"

मग एकदा तूच ते मला सांगितलंस. लग्नपत्रिकेचं. एकाच लग्नाच्या शंभर पत्रिका घे आणि सगळ्या फाडून तुकड्यांचं पोतं भर. आता ती पत्रिका वाचायची आहे. कशी वाचशील? दुसऱ्या कुठल्यातरी लग्नाची एक धड पत्रिका समोर ठेवायची आणि तिच्या आधाराने एकेक तुकडा जागेवर लावत जायचा. ‘श्री गणेशाय नमः’ वर, ‘आहेर आणू नये’ खाली. बहुतेक मजकूर जुळतोच. जिथे जुळत नाही तिथे थांबायचं. "पण एक लक्षात ठेव," तू बोट रोखून म्हणाली होतीस, "समोरची धड पत्रिका दुसऱ्या गावची आहे. आपल्या पत्रिकेत नवरीचं नाव वेगळं निघालं तर ती आपली चूक नाही. तो फरक आहे. चूक आणि फरक यांत गल्लत करायची नाही."

त्या दिवशी मी एकदाही ‘म्हणजे?’ विचारलं नाही. भजीवाला कढईवरून म्हणाला, "ताई, माले बी समजनं." तू त्याला म्हणालीस, "मंग तू बी परीक्षाले बस."

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या भागात शास्त्र लिहायचं आणि सांगायचं कसं ते शिकवत. सारांश, आकृत्या, पाहुण्यांसमोर तीन मिनिटांचं भाषण. तिथे मी पहिली. मला वेळेत संपवता येतं, आकृतीत गर्दी करत नाही, प्रत्येक परिच्छेदाला एकच काम देते. तू तीन मिनिटांचं भाषण चौदा मिनिटं केलंस आणि वर म्हणालीस, "घाई कोणाला आहे?" परीक्षक म्हणाले, समजा आजीला सांगताय असं सांगा. तू म्हणालीस, "सर, आजीचं सोपं आहे. तिला प्रश्न विचारायची लाज वाटत नाही. तुम्हांला वाटते." वर्ग हसला, तेही हसले, पण गुण कमीच दिले. तुझ्या लिहिण्याला शिस्त नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. तुझ्या फाइलींची नावं ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘हेच खरं’, ‘हेच खरं जुनं’. मी रडकुंडीला यायचे.

पण मऊ शब्दांबद्दल तुझं बरोबर होतं. मी ‘नमुने प्राप्त करण्यात आले’ लिहिलं की तू समासात लिहायचीस: ‘कोणी टोचलं?’ मी ‘सहभागी संपर्कात राहिले नाहीत’ लिहिलं की: ‘आपण गेलो नाही, असं लिही.’ मला राग यायचा. शोधनिबंध असेच लिहितात, सुरेखा. तू म्हणायचीस, "लिहू दे. या मऊ शब्दांच्या गोधडीखाली माणूस झोपलेला असतो. हात घालून बघायचं."

त्या गोधडीखाली सकू सापडली.

(सकू हे तिचं खरं नाव नाही. सरला हेही नाही. तिची दोन्ही नावं मी इथे बदलली आहेत, गावाचं नाव लिहीत नाही. एवढी शिस्त माझ्याकडून गृहीत धर.)

सगळ्या नमुन्यांची आपण नात्याची तपासणी केली तेव्हाची गोष्ट. तो प्रोग्राम प्रत्येक दोन नमुन्यांमध्ये किती साम्य आहे ते सांगतो. आई आणि मूल असेल तर अर्धं जुळतं, चुलत भावंडं असतील तर त्याहून कमी. आपण सगळा तक्ता पाहत होतो आणि एका जोडीपुढे पूर्ण जुळणी आली. एक नमुना पिंपळनेरकडच्या पाड्यावरच्या शिबिरातला, दुसरा पारोळा तालुक्यातल्या शिबिरातला. वेगळी नावं, वेगळी आडनावं, वेगळी गावं, आणि रक्त हुबेहूब एक.

मी लगेच म्हटलं, नळ्या बदलल्या. लेबल चुकलं. दोन्ही नमुने काढून टाक, पुढे चल. मला अशा वेळी थांबणं आवडत नाही.

तू खुर्चीतच गर्रकन वळलीस. "कांचन, जुळ्या बहिणी!" तुझा चेहरा असा फुललेला मी क्वचितच पाहिला होता. "वय बघ, सारखंच. एकीचं लग्न झालं, ती इकडे आली. दुसरी तिकडेच. दोघींचं आडनाव वेगळं असणारच. अगं, जुळ्या मिळाल्या तर काय काय बघता येईल." त्या दुपारी आपण दोघींनी मिळून एक अख्खं घराणं उभं केलं. धाकटी कोण, थोरली कोण, जास्त त्रास कोणाला होत असेल. मीसुद्धा, हो, मीसुद्धा नव्या रकान्याला ‘जुळ्या’ असं नाव देऊन टाकलं. शिबिराच्या यादीची जबाबदारी तुझ्याकडे होती, म्हणून पत्ता काढून रीतसर परवानगीने आपण पारोळ्याजवळच्या त्या गावी गेलो.

घर शेवटच्या आळीत. दारात एक तरुण बाई तुरीच्या शेंगा सोलत होती, मांडीवर लहान मुलगी. तू खाली बसलीस आणि अहिराणीत सुरू झालीस. नाव, शिबिर, रक्त दिलेलं आठवतं का. ती म्हणाली, हो, आठवतं. मग तू हळूच विचारलंस की तुझी जुळी बहीण तिकडे पाड्यावर असते का.

"बहिन? माले बहिन नही शे."

तू दुसऱ्या नमुन्याचं नाव सांगितलंस. सकू, अमक्याची मुलगी, तमका पाडा.

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. "ती बी मीच शे, ताई. तठे मी सकू, आठे मी सरला."

बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तिकडच्या शिबिरात तिने रक्त दिलं होतं, माहेरच्या नावाने. सासरी परतल्यावर इकडच्या शिबिरात पुन्हा दिलं, सासरच्या नावाने. लग्नात नाव का बदललं, तर थोरल्या जावेचं नावही सकूच होतं. ती थोरली सकू तेवढ्यात आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "एक घरमा दोन सकू कशा चालतीन? एकले हाक मारी तं दोन्ही धावतीन."

आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खानदेशात जन्म गेला आपला. माझंच लग्नात नाव बदललेलं, तुझं आडनाव आणि मधलं नाव बदललेलं. बँकेत, रेशनकार्डावर, मुलांच्या दाखल्यावर आपण ही कटकट आयुष्यभर निस्तरली. आणि नमुन्यांच्या तक्त्यात बायकांची दोन नावं असू शकतात हे आपल्या डोक्यात आलं नाही. जुळ्या बहिणी आल्या, सासर-माहेर आलं नाही. परतीच्या वाटेवर तू इतकी हसलीस की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

पण त्याआधी तिथेच, दारात, तू आणखी एक विचारलं होतंस, पुन्हा रक्त का दिलं ते. मी विचारलं नसतं. तू विचारलंस, "एक डाव दिधं व्हतं, मंग आखो काबर दिधं?"

तेव्हा तिचं हसू ओसरलं. ती शेंगांकडे बघत म्हणाली, "पयले दिधं तं कोनी काई सांगं नही. म्हनून आखो दिधं. मना भाऊले जे शे ते माले शे का? नि हाई पोरले व्हई का?"

तिचा भाऊ सांधे धरून अंथरुणात असतो. हे माहेरच्या शिबिराच्या कागदावर लिहिलेलं होतं. आपल्याला आधीच माहीत होतं.

तू तिच्या गुडघ्यावर हात ठेवलास. दवाखान्यात एकदा रीतसर तपासून घेऊ, निकाल पक्का झाला की "मी सोता येसू सांगाले", असं म्हणालीस. तिने मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी नाही, नुसती हलवली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हटलं, आधी शोधनिबंध. तो छापून आला की पुढच्या कामाला दारं उघडतील, प्रत्येक पाड्यावर समजावून सांगणारी माणसं नेमता येतील, एका सकूला नाही तर सगळ्यांना उत्तर मिळेल. हे मला आजही पटतं. तू म्हटलंस, आधी सकू. "तिनं दोनदा विचारलंय. तिसऱ्यांदा विचारायला लावायचं का?" मी म्हटलं, भावनेच्या भरात कामाचा क्रम बिघडवू नकोस. तू म्हटलंस, क्रम तूच बिघडवतेयस.

मग त्या वाक्यावरून. मी लिहिलं होतं: ‘एक दुबार नमुना विश्लेषणातून वगळण्यात आला.’ वगळावा लागणारच, एकच माणूस दोनदा मोजून चालत नाही. तू पेन्सिलने त्याखाली इतक्या जोरात रेघ मारलीस की कागद फाटला. "वगळण्यात आला म्हणे. ती उत्तर मागायला आली होती आणि आपण तिला दुबार म्हणतोय. कारण लिही, कांचन. ती का दोनदा आली ते लिही." मी म्हटलं, पद्धतीच्या विभागात कारणं लिहीत नाहीत. तू म्हटलंस, "मग पद्धत बदल."

पारोळ्याच्या स्टँडवर आपण शेवटचं बोललो ते हे. तुझी धुळ्याची गाडी आधी लागली. तू खिडकीत बसलीस, मी खाली. दोघीही रागात. राग चुकीचा होता असं मला वाटत नाही. कामावर जीव असला की भांडणं होतातच. गाडी हलताना तू काच सरकवून ओरडलीस, "तुझं वाक्य वाईट आहे." मी ओरडले, "तुझ्या फाइली वाईट आहेत." शेजारच्या म्हाताऱ्याने आपल्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

पुढच्या शनिवारी मी पारोळ्याचं तिकीट काढलं नाही. धुळ्याचं काढलं.

क्रियाकर्म उरकल्यावर प्रकाशभाऊंनी तुझा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "ताई, याच्यात तुमच्या कामाचं असेल ते तुम्हीच बघा. मला ती काळी स्क्रीन बघवत नाही." मी सगळं उघडलं. सकूला कसं सांगायचं, याची तू काही तयारी केली असशील, चार ओळी, एखादं चित्र, असं वाटलं. ‘नवीन’ उघडलं, ‘हेच खरं’ उघडलं, ‘हेच खरं जुनं’ उघडलं. काहीच नव्हतं. तू काहीही लिहून ठेवलं नव्हतंस. जायचं, खाली बसायचं आणि बोलायचं, एवढीच तुझी तयारी. मला तुझा इतका राग आला, सुरेखा, की मी तुमच्या हॉलमध्ये उभ्याउभ्या तुझ्या फोटोला म्हटलं, आता हे मी कसं करू? हारातलं एक फूल पडलं ते उचलून पुन्हा खोचलं.

दवाखान्याचा निकाल त्याच दिवसांत आला. तूच तिची तपासणी करवून घेतली होतीस. मी तिथल्या समुपदेशक बाईंना भेटले, परिस्थिती सांगितली, काय सांगायचं आणि काय नाही ते नीट विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच जा, मी पुढच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याला बोलावते.

जाणं सोपं होतं. बोलणं अवघड होतं. आमच्या कापडाच्या दुकानात वडील गिऱ्हाइकांशी अहिराणीच बोलायचे, मी ती ऐकत वाढले. पण घरात मारवाडी, शाळेत मराठी. माझ्या तोंडात अहिराणीची वाक्यं आहेत ती सगळी दुकानातली. "काय दखाडू, माय?" "यान्हा रंग जात नही." तू चिडवायचीस, "तुझी अहिराणी काउंटरच्या पलीकडे येत नाही." पत्रिकेचा दाखला तुझा होता, तो मला जमेना. सकूला पत्रिका वाचता येते की नाही तेही माहीत नव्हतं. स्वतःला आजार नसून तो पुढे देऊ शकणाऱ्यासाठी असलेला ‘वाहक’ हा शब्द तू आधीच बाद केला होतास, लोक एसटीतला कंडक्टर समजतात म्हणून. मग मी काउंटरच्या अलीकडेच राहायचं ठरवलं. कापड घेतलं. दोन धागे. ओट्याशी उभी राहून, भांडी विसळत, मी वाक्यं घोकली. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतींनी इतकी अहिराणी कधी ऐकली नसेल. वाक्यं म्हणायची आणि स्वतःलाच ‘म्हणजे?’ विचारायचं. तुझ्यासारखं विचारता येत नव्हतं. मला उत्तर आधीच ठाऊक असायचं.

गेल्या शनिवारी गेले. सकू दारातच होती. थोरली सकू आतून आली आणि चौकट धरून उभी राहिली. मी म्हटलं, एकटीला सांगायचं असेल तर तसं सांगते. सकू म्हणाली, तिलाही ऐकू दे.

मी सांगितलं. "प्रत्येक मानूसले दोन धागा भेटतस. एक मायना, एक बापना. तुना एक धागा पक्का शे, एक कच्चा शे. पक्का धागा कापड सांभायस, म्हनून तुले तरास नही. तुना भाऊले दोन्ही धागा कच्चा भेटनात."

ती म्हणाली, "म्हंजे?"

सुरेखा, तुझाच शब्द. मी पुन्हा सांगितलं, पदराचा काठ हातात धरून. कच्चा धागा तुझ्याजवळ आहे, पण तू आजारी नाहीस आणि होणार नाहीस. तुझ्या मुलीला तुझा कच्चा धागा आला असेल किंवा नसेल. तिला आजार व्हायला दोन्हीकडून कच्चा यावा लागतो. म्हणून आता तुझ्या नवऱ्याचं रक्त बघायचं. त्याचे दोन्ही धागे पक्के निघाले तर पोरीला भावासारखं होणार नाही.

"नि त्याना कच्चा निंघना तं?"

"तं पोरनं बी तपासूत. औषध शे. दवाखानावाल्या बाई शेतस. मी बी शे."

तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदा, सावकाश. थोरली सकू चौकटीतून म्हणाली, "म्हंजे काय व?" आणि धाकटी तिच्याकडे वळून सांगायला लागली. धागे, मायचा, बापाचा, नवऱ्याचं रक्त. सगळं जागेवर होतं. एक तुकडाही चुकला नाही. मी ऐकत होते. तुला हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं, आणि ते मनात येताच सकू पुन्हा माझ्याकडे वळली.

"नि ती ताई? ती म्हने व्हती, मी सोता येसू."

एवढी वाक्यं घोकली होती. हे घोकलं नव्हतं. माझ्या कुठल्याच यादीत हे नव्हतं.

मी म्हटलं, "ती आते नही शे."

"म्हंजे?"

बदलीवर गेली असेल, रजेवर असेल, आणखी कुठल्या शिबिराला असेल. तिच्या चेहऱ्यावर तेवढंच होतं. तिला खरंच कळलं नव्हतं. मी मऊ शब्द वापरला होता, तुझ्या मैत्रिणीसारखा नाही, शोधनिबंधासारखा. दुसऱ्यांदा, वेगळ्या शब्दांत, अधिक सोपं करून सांगायचं, हा नियम. माझ्याकडे त्याहून सोपा एकच शब्द होता, आणि अंगणात, स्मशानात, प्रकाशभाऊंसमोर, फोनवर, कुठेही तो मी तोपर्यंत उच्चारला नव्हता.

"ती मरी गयी," मी म्हटलं.

सकूने मग काही विचारलं नाही. ती उठली, मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन चूल पेटवली. मुलगी माझ्या पदराचा काठ ओढत बसली.

घरी आल्यावर फॉर्म उघडला. आधी ते वाक्य बदललं. ‘एक सहभागी दोन नावांनी दोनदा आली. पहिल्या वेळचा निष्कर्ष आम्ही तिला कळवला नव्हता, म्हणून तिने पुन्हा रक्त दिलं. विश्लेषणात तिचा एकच नमुना धरला.’ परीक्षक कापतील कदाचित. कापलं तर मी भांडेन, पहिलं नाव माझं आहे. मग तुझ्या नावापुढे ते चिन्ह टाकलं आणि तळटीपेत त्याचा अर्थ लिहिला. एकच शब्द, मऊ नसलेला. आणि पेपर पाठवला.